गरम पाणी, सर्फ, ऊन, खोबरेल... तंगूसचे एवढे हाल कशाला?

गळवाल्यांच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरायला लागलाय. उजनी धरणावरून घरी आलं की तंगूस, म्हणजे गळाची दोरी, कडक गरम पाण्यात सर्फ टाकून अर्धा तास भिजवा, गच्चीवर उन्हात वाळवा, खोबरेल तेलाचा हात फिरवा, ५ वर्षं तुटणार नाही. आणि खाली शेवटी, खराब तुकडा पाण्यात टाकला तरी चालतंय, विरघळतो. दोरी साफ ठेवावी एवढं बरोबर आहे, बाकी बहुतेक उलटंच.

गरम पाण्याचं आधी. तंगूस म्हणजे नायलॉन, आणि नायलॉन गरम झाला की नरम पडतो आणि गार होताना ज्या आकारात असेल तोच आकार धरून बसतो. दोरी गुंडाळलेल्या स्पूलसकट बुडवला तर वेटोळी पक्की होणार, मग पुढच्या वेळी गळ टाकला की दोरी स्प्रिंगसारखी उसळून गुंता. साधं गार पाणी पुरतं, तेही तांब्याभर. आपल्याकडं नळ कितव्या दिवशी येतोय हे बघून तरी लिहायचं ना.

आता सर्फ. समुद्रावर गळ टाकणाऱ्यांना मीठ धुवावंच लागतं, त्यांचं वेगळं. उजनीचं पाणी गोडं, इथं त्रास गाळाचा आणि शेवाळाचा, उन्हाळ्यात तर पाणी हिरवंगार असतं. त्यासाठी शेवटचा गळ ओढताना ओलं सुती फडकं बोटांत धरा आणि दोरी त्यातून रीळवर घ्या, फडक्याचा रंग बघितला की कळेल किती घाण होती. लयच चिकट असेल तर शांपूचे दोन थेंब, पण नंतर साध्या पाण्यानं काढून टाकायचे. एकानं मेसेजखाली बाथरूम क्लीनर सुचवलाय, बाबा रे, त्यात बहुतेक वेळा ॲसिड असतं, ॲसिडनं नायलॉन सरळ खराब होतो.

उन्हाचं सगळ्यात वाईट. वाळवायचं हे खरंय, नायलॉन पाणी पितो आणि ओला असताना कोरड्यापेक्षा साधारण १०-१५ टक्के ताकद कमी भरते, सुकला की ती परत येते. पण उन्हातल्या अतिनील किरणांनी जी ताकद जाते ती काय परत येत नाही, आणि सोलापूरचं मे महिन्यातलं ४३-४४ डिग्रीचं ऊन म्हणजे विचारूच नका. स्पूल घरात सावलीत, फॅनखाली ठेवा. गाडीच्या मागच्या काचेपाशी रॉड टाकून आठवडाभर फिरणाऱ्यांनी पण हे वाचावं. ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, वापरत असाल तर तो पॉलिथिलीनचा, धागा स्वतः पाणी पीत नाही पण विणीत पाणी अडकून राहतं म्हणून सुकायला जास्त वेळ द्या. ब्रेडचा रंग उडाला म्हणून लगेच फेकू नका, रंग वरवरचा असतो, विणीचे धागे सुटलेत का ते बघा. फ्लुरोकार्बनची दोरी वापरणाऱ्यांना पाण्याचं आणि उन्हाचं दोन्हीचं टेन्शन कमी.

खोबरेल कुठून आलं देव जाणे. तेलावर धूळ बसते, ती रॉडच्या गाइडमध्ये, म्हणजे दोरी जाते त्या कड्यांत, घासत राहते, थंडीत तेल गोठतं आणि गाठ सरकते ते वेगळंच. दोरी मऊ ठेवायचा सिलिकॉनचा स्प्रे मिळतो, तो मारा, नाही मारला तरी काही अडत नाही.

तुकडा विरघळतो म्हणणाऱ्याला तर हात जोडले पाहिजेत. उन्हानं कमजोर झालेला तंगूस कटल्याला पेलत नसेल, पण पाणकावळ्याचा नायतर बगळ्याचा पाय आवळायला तो पुरतो, आणि पाण्यात वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. वर उजनीच्याच फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी बघायला लोक लांबून येतात, त्याच पाण्यात आपण हे टाकायचं? बोटभर तुकडे करा, घरी आणून कचऱ्यात टाका.

राहिली ५ वर्षं. दोरी तुटते ती बहुतेक टोकाकडं, गाठीपाशी नायतर घासलेल्या जागी. उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी खूप खाली उतरलं, की बुडालेल्या बाभळींचे बुंधे आणि जुन्या भिंती उघड्या पडतात, भरल्या धरणात दोरी त्याच्यावरच घासत असते. म्हणून गळ टाकून आलं की पहिले चार-पाच मीटर कापसाच्या बोळ्यातून ओढा, जिथं कापसाचे तंतू अडकले तिथं ओरखडा, त्याच्या थोडं वरून टोकापर्यंतची दोरी कापून टाका. नवी गाठ आवळायच्या आधी थुंकीनं ओली करा, कोरडी आवळली की घर्षणानं तिथंच तापते आणि कमजोर पडते. नेहमी जाणाऱ्यानं मोनो, म्हणजे हाच एकेरी तंगूस, सीझनला एकदा बदलावा, पण अख्खं स्पूल भरायची गरज नाही, खालची निम्मी दोरी पाण्यात क्वचितच जाते, ती तशीच ठेवून वरची ६०-७० मीटर नवीन जोडली की झालं. जोडगाठ मात्र गाइडमधून अडकल्याशिवाय जातेय का ते घरीच ओढून बघा.