व्हायरस जात बघत नाही, म्हणे

परवा फॅमिली ग्रुपवर दादानं परत तेच टाकलं, कोरोनानं सगळ्यांना एका लायनीत उभं केलं, गरीब-श्रीमंत, हिंदू-मुसलमान काही बघितलं नाही, खाली हात जोडलेले. दादाशी ग्रुपवर वाद घालायचा नाही अशी घरातून सक्त ताकीद आहे, म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

व्हायरस बघत नाही हे मान्य. पण तो आधी कुणाच्या घरात शिरतो आणि शिरल्यावर बेड कुणाला मिळतो, हे त्याच्या येण्याआधीच ठरलेलं असतं. एप्रिल २०२० मध्ये शिकागोचे आकडे आले तेव्हा शहरात काळे लोक साधारण ३० टक्के आणि कोरोनानं गेलेल्यांमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास. रक्तात काही वेगळं होतं का, तर नाही. बस चालवणारे तेच, गोदामात माल चढवणारे तेच, म्हातारी माणसं सांभाळायला जाणारे तेच, यातलं कुठलं काम घरून होतं सांगा, वर इन्शुरन्सचा पत्ता नाही, घर लहान आणि माणसं जास्त, बीपी-शुगर आधीपासून. अमेरिकेतले मूळनिवासी नवाहो लोक घ्या, मे २०२० मध्ये लोकसंख्येच्या मानानं त्यांच्याकडे न्यूयॉर्क राज्यापेक्षा जास्त केसेस झाल्या. त्यांच्यातल्या जवळपास तीनातल्या एका घरात नळाचं पाणी नाही आणि त्यांना सांगत होते वीस सेकंद हात धुवा!

ब्रिटनमध्ये (इंग्लंड-वेल्स) तेव्हा डेथ सर्टिफिकेटवर वंश लिहीतच नव्हते. तरी त्यांच्या सांख्यिकी खात्यानं मृत्यूच्या नोंदी २०११ च्या जनगणनेशी जोडल्या आणि मे २०२० मध्ये सांगून टाकलं की वय सारखं धरलं तर काळ्या पुरुषांचा धोका गोऱ्यांच्या ४.२ पट आहे. घर, शिक्षण, तब्येत, वस्ती सगळं हिशोबात घेतल्यावरही १.९ पट उरलाच. तिथे कोरोनानं गेलेले पहिले दहा डॉक्टर सगळेच्या सगळे आशियाई, आफ्रिकी असे बाहेरून आलेल्या समाजांतले होते. डॉक्टर होते बरं का, गरीब नव्हते. हे दादाला वाचून दाखवायला हवं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. आमचं मेडिकल आहे इंदूरला, माल दवा बाजारातून येतो. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सीमीटर म्हणजे सोनं झालं होतं, आला की संपला. लोक काउंटरवरच बोट घालून बघायचे, "भैया, चौरानवे बता रहा है, चलेगा ना?" ९४ म्हणजे घरी, खाली गेलं की दवाखाना, हा आकडा पोराटोरांना पाठ होता. मशीन लाल आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा उजेड बोटातून आरपार सोडतं आणि किती शोषला गेला त्यावरून ऑक्सिजन सांगतं. पण त्वचेतलं मेलॅनिनही उजेड खातं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत अभ्यास छापून आला, मशीनवर ९२ ते ९६ दिसत असताना धमनीतलं रक्त तपासलं तर ८८ च्याही खाली निघालं असं काळ्या पेशंटमध्ये ११.७ टक्के वेळा, गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के वेळा. म्हणजे मशीन सांगतंय ठीक आहे, घरी जा, आणि माणूस आतून बुडतोय.

मशीन मुद्दाम कुणी तसं बनवलं नाही. अमेरिकेची २०१३ पासूनची मार्गदर्शक सूचना अशी होती की किमान दहा लोकांवर तपासा आणि त्यात गडद त्वचेचे किमान दोन किंवा १५ टक्के, जे जास्त असेल ते. दोन! आणि हीच चिनी-बिनी डबी आपण झाबुआ-आलीराजपूरहून आलेल्या, उन्हात रापलेल्या मजुराच्या बोटाला लावून ९४ वाचत होतो. आपल्याकडे त्याचा किती फरक पडला? कुणी मोजलंच नाही तर कळणार कसं.

माझं भांडण ह्या न मोजण्याशीच आहे. १९१८ चा इन्फ्लुएंझा घ्या. इंग्रज काही आपल्या प्रेमात नव्हते, पण मुंबईत त्यांनी समाजवार आकडे ठेवले: दर हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९, इतर हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२ आणि ज्यांना ते 'लो कास्ट' म्हणायचे त्यांच्यात ६१.६. एकच शहर, एकच साथ. शंभर वर्षांनंतर, घराघरात मोबाइल आणि आधार असताना, कोरोनानं गेलेल्यांचा असा तक्ता आपण काढलाच नाही.

जुलै २०२४ मध्ये काही संशोधकांनी सरकारच्याच कुटुंब आरोग्य पाहणीवरून अंदाज काढला की २०१९ ते २०२० मध्ये सरासरी आयुर्मान २.६ वर्षांनी घटलं. उच्चवर्णीय हिंदूंचं १.३ वर्षं, दलितांचं २.७, आदिवासींचं ४.१, मुसलमानांचं ५.४. आरोग्य मंत्रालय म्हणालं हे ग्राह्य नाही, नमुना अपुरा आहे. बरं, असेलही, पण मग तुमचे आकडे दाखवा ना.

कुणी म्हणेल असलं मोजलं की आग लागते. ही भीती खोटी नाही. १८ एप्रिल २०२० ला दिल्लीच्या ब्रीफिंगमध्ये १४,३७८ पैकी ४,२९१ केसेस तबलिगी जमात ह्या मुसलमान धर्मप्रचारक संघटनेच्या कार्यक्रमाशी जोडलेल्या असं मोजून सांगितलंच होतं की, आणि मग आपल्याच इंदूर जिल्ह्यात एका गावात मुसलमान व्यापाऱ्यांनी येऊ नये असा बोर्ड लागला, पोलिसांनी काढला. इंदूरच्याच टाटपट्टी बाखल वस्तीत तपासणीच्या टीमवर दगड पडले तेही एप्रिल २०२० मध्येच, ते चूकच, टीममधल्या दोन डॉक्टर बाई दुसऱ्या दिवशी कामावर परत गेल्या त्यांना सलाम. पण बघा, रोग कुणी आणला हे बोट दाखवायला मोजता येतं, आणि रोगानं कुणाला नेलं हे विचारलं की जात काढू नका!

सफाई कामगारांचंच घ्या. पॅट्रिक गेडिस ह्या नगररचनाकार साहेबाला इंदूरच्या होळकर दरबारानं बोलावलं, १९१७-१८ ची गोष्ट, प्लेगचे दिवस. त्यानं दिवाळीत प्लेगच्या उंदराची मिरवणूक काढली आणि झाडूवाल्यांना पांढरे कोरे कपडे घालून मानानं चालवलं. २०२० मध्ये आपणही बाल्कनीतून फुलं टाकली. त्यातले किती गेले, त्यांच्या घरातले किती गेले, नंबर एक स्वच्छ शहरात हे विचारणारा मला तरी भेटला नाही.

आणि नवीन काही करायचंय असंही नाही. मृत्यू नोंदणीच्या फॉर्मवर धर्म आणि व्यवसाय असे दोन रकाने आहेतच. २०२७ च्या जनगणनेत जात नोंदवणार आहेत, म्हणजे ब्रिटननं केलं तसं नावं न फोडता जोडून बघता येईल. फक्त रकाना भरताना खरं भरा. आमच्या गल्लीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी होत्या, दुसऱ्या लाटेत गेल्या, त्यांच्या पोरासोबत मी नोंदणीला गेलो होतो. व्यवसायाच्या रकान्यात क्लार्कनं न विचारताच 'गृहिणी' लिहिलं. पोरगा म्हणाला साहेब, आई कामाला जायची. तो म्हणाला त्यानं काय फरक पडतो, सही कर.