ईस्टर म्हणजे इश्तार? दरवर्षी फिरणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

ईस्टर म्हणजे येशू मरणातून उठल्याचा ख्रिस्ती सण. मार्च-एप्रिल आला की व्हॉट्सअॅपवर तो फोटो हजर: बाबिलोनी देवी इश्तारचं शिल्प, खाली मजकूर. ईस्टर हा मुळात इश्तारचा सण. अंडं आणि ससा ही तिचीच चिन्हं. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने त्यावर येशूचं नाव चिकटवलं. आणि ‘नवजीवन’ म्हणजे वसंत ऋतू, दुसरं काही नाही.

नावाचं आधी उरकू. बीड या इंग्लिश मठवासीने इ.स. ७२५ मध्ये लिहिलंय की हे नाव एऑस्त्रे नावाच्या तिथल्या जुन्या देवीच्या महिन्यावरून पडलं. ते खरं धरलं तरी देवी इंग्लंडची, बाबिलोनची नव्हे. ग्रीक-लॅटिनमध्ये हा सण त्याच्या कितीतरी आधीपासून ‘पास्का’. मूळ ज्यूंच्या वल्हांडण (पासओव्हर) सणात.

इश्तारची चिन्हं सिंह आणि आठ टोकांचा तारा. अंडी आणणारा ससा १६८२ च्या एका जर्मन वैद्याच्या लेखनात भेटतो. अंड्याचं कारण तर साधं आहे. मध्ययुगीन युरोपात ईस्टरआधीच्या उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, पण हे कोंबड्यांना कोण सांगणार? साठलेली अंडी सणाला बाहेर निघायची.

कॉन्स्टंटाइन ३०६ मध्ये गादीवर आला. त्याने बोलावलेल्या ३२५ च्या निकिया इथल्या बिशपांच्या परिषदेत पास्काच्या तारखेचा घोळ मिटवायचा प्रयत्न झाला, एवढं खरं. पण तो घोळ जुनाच होता. साधारण १५५ च्या सुमारास स्मुर्णाचे (आजच्या तुर्कस्तानातलं इझमिर) बिशप पोलिकार्प रोमला गेले, तेव्हा तिथले बिशप अनिसेटस यांच्याशी त्यांचं याच तारखेवरून जुळलं नव्हतं. सणच नसता तर तारखेवरून वाद कशाला झाला असता?

आता नवजीवन. फॉरवर्डवाल्याला इथे काहीच ठाऊक नाही. सीरियात फरात नदीकाठी दुरा-युरोपोस नावाचं शहर होतं; २५६ च्या सुमारास इराणच्या सासानी फौजेने ते पाडलं. तिथे उत्खननात एक घर सापडलं, चर्चमध्ये बदललेलं. त्याच्या एका खोलीत बाप्तिस्म्याचं, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती दीक्षा देण्याचं, कुंड आहे, आणि भिंतीवर हातात मशाली घेतलेल्या स्त्रियांची रांग. बहुतेक अभ्यासक ते येशूच्या कबरीकडे निघालेल्या स्त्रियांचं चित्र मानतात. कॉन्स्टंटाइन तेव्हा जन्मलाही नव्हता.

पाण्याच्या कुंडाशेजारी कबर का, ते येशूचा प्रेषित पौल याने पहिल्याच शतकात रोमकरांस लिहिलेल्या पत्रात येतं: बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले जातो, ते त्याच्यासारखं उठून नव्या जीवनात चालावं म्हणून. इ.स. २०० च्या आसपास तेर्तुलियन हा ख्रिस्ती लेखकही सांगतो, बाप्तिस्म्याला सर्वांत योग्य दिवस पास्काचा. वसईतल्या चर्चमध्ये आजही पवित्र शनिवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्री, त्या वर्षाचे आकडे कोरलेली पास्काची मेणबत्ती पेटते, पाणी आशीर्वादित होतं आणि लोक आपल्या बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा देतात. वचनं पुन्हा, बाप्तिस्मा नाही. तो जन्मात एकदाच. वसंत दरवर्षी येतो-जातो, पण उठलेला ख्रिस्त पुन्हा मरत नाही, असं पौल त्याच पत्रात ठासून सांगतो.

आणि सगळा मामला ऋतूचाच असता, तर ऑस्ट्रेलियातल्या चर्चनी ईस्टर सप्टेंबरात न्यायला हवा होता. तिथे तो ऐन पानगळीत येतो.