‘विक्रीचे मेल ११ दिवस गायब’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

नमस्कार. आपण एक तारा देऊन लिहिले आहे की, आमच्या मेल-सर्व्हरवर विक्री विभागाचा अलायस (आलेला मेल आपल्या तिघा कर्मचाऱ्यांना पोहोचवणारा सामाईक पत्ता) बिघडला, संकेतस्थळाच्या फॉर्मवरून आलेल्या चौकश्या ११ दिवस तिघांपैकी एकालाही मिळाल्या नाहीत आणि तक्रार केल्यावर आमच्या सहकाऱ्याने दोष आपल्याच एका कर्मचाऱ्याच्या फिल्टरवर ढकलला. चूक आमचीच होती. त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

अलायस मात्र शाबूत होता. अलायसवर आलेला मेल पोस्टफिक्स (मेल स्वीकारून पुढे पाठवणारे सॉफ्टवेअर) आधी तिन्ही पत्त्यांवर वाटतो आणि नंतरच डव्हकॉट (मेल खात्यात ठेवणारे सॉफ्टवेअर) प्रत्येक प्रतीवर त्या त्या खातेदाराचा सिव्ह फिल्टर, म्हणजे मेल छाटण्याचे नियम, चालवतो. त्यामुळे एकाच्या फिल्टरने तिघांचे मेल नाहीसे होणे शक्यच नव्हते, आणि हे आमच्या लक्षात आपल्या पहिल्याच फोनवर यायला हवे होते.

झाले ते असे. वरिष्ठांच्या नावाने येणारे बनावट मेल थोपवण्यासाठी आम्ही सर्व खात्यांना एक सामाईक नियम लावला होता: मेल बाहेरच्या सर्व्हरवरून आला असेल आणि प्रेषक म्हणून ग्राहकाचेच डोमेन दाखवत असेल, तर तो ‘डिस्कार्ड’ करावा, म्हणजे कोणालाही न कळवता टाकून द्यावा. आपला फॉर्म दुसरीकडच्या वेब-सर्व्हरवरून आपल्याच डोमेनच्या नावाने मेल पाठवतो, हे आम्ही तपासले नाही. हा नियम वैयक्तिक फिल्टरच्या आधी चालतो, आणि तोवर सर्व्हरने २५० हा कोड देऊन मेल स्वीकारलेला असल्याने तो परतही जात नाही. तोच मेल सुरुवातीलाच ५५० देऊन नाकारला असता, तर निदान पाठवणाऱ्या बाजूला कळले असते. सामाईक नियमात ‘डिस्कार्ड’ वापरणे हाच माझ्या मते मूळ अपराध, आणि तो निर्णय माझा होता.

आपण ते मेल परत मागितले आहेत; दुर्दैवाने त्यांची प्रत उरलेली नाही. लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) वेळ आणि मेसेज-आयडी, म्हणजे प्रत्येक मेलची ओळखखूण, आहेत, पण चौकशी करणाऱ्याचा पत्ता मेलच्या रिप्लाय-टू (उत्तर कुठे पाठवायचे) या रकान्यात असतो आणि तो आमच्या लॉगमध्ये उतरत नाही. वेळांची यादी आपल्याला मेलने पाठवली आहे. फॉर्मच्या डेटाबेसमध्ये नोंदी राहत असतील, तर त्या या वेळांशी जुळवून पाहता येतील, आणि ते काम आम्ही विनामूल्य करू.

आता असा मेल एसपीएफ (पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनची परवानगी आहे का) आणि डीकेआयएम (मेलवर त्या डोमेनची डिजिटल सही आहे का) या दोन्ही तपासण्यांत नापास झाला तरच जंक फोल्डरमध्ये जातो. आपले डीएनएस (डोमेनच्या नोंदी ठेवण्याची व्यवस्था) आपल्याकडे असल्याने वेब-सर्व्हरचा आयपी एसपीएफ नोंदीत आपल्यालाच घालावा लागेल. त्याची तयार ओळ त्याच मेलमध्ये दिली आहे, आणि ती लागू होईपर्यंत तिघांनीही जंक फोल्डर रोज पाहावे, ही विनंती.