अलिबागच्या ज्यूंना रब्बाय (धर्मगुरू) नव्हता, म्हणून काय बिघडलं?

अलिबागच्या इस्रायल आळीतल्या 'मागेन अबोथ' सिनेगॉगचा, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराचा, विषय निघाला, की कोकणातल्या ज्यूंबद्दल, म्हणजे बेने इस्रायलांबद्दल, एक वाक्य हमखास कानावर पडतं: "हे बेने इस्रायल धर्म विसरले होते, कोचीनच्या डेव्हिड रहाबीने तो त्यांना परत शिकवला." मला हे मुळीच पटत नाही.

रहाबी नेमका कधी आला यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण समाजात चालत आलेली गोष्ट नीट ऐका. हे लोक ज्यूच आहेत का, याची पारख करायला त्याने बायकांपुढे मासे ठेवले. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडून बाजूला काढले, बाकीच्यांना हात लावला नाही; ज्यू धर्मात खायला चालतात ते तेवढेच. म्हणजे रहाबी येण्याआधीच धर्म चुलीपाशी शाबूत होता!

नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, असं ही मंडळी मानतात. पोथ्या बुडाल्या, हिब्रूही गेली. राहिली ती सुंता, देव एकच असं सांगणारी 'शेमा'ची प्रार्थना आणि शनिवारची सक्तीची विश्रांती. शनिवारी तेलाचा घाणा बंद म्हणजे बंद, म्हणून तर गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. पिढ्यान्‌पिढ्या दर आठवड्याला एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणाऱ्यांना 'धर्म विसरलेले' कसं म्हणायचं?

रहाबीने तिघांना शिकवून तयार केलं, त्यांच्या घराण्यांत काजीपद चालत आलं. लग्न लावणं, सुंता, गावोगावचे तंटे, सगळं काजीच बघत. पुढे सिनेगॉग झाली तशी प्रार्थना हजान चालवू लागले. मुंबईतलं पहिलं सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलं, अलिबागचं १८४८ चं. रब्बायवाचून काही अडलं नाही. नवस फेडायला घरात मालिदा होतोच: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं, आणि एलियाहू हनाबी या प्रेषिताचं नाव. हा शुद्ध कोकणी प्रसाद आहे आणि तितकाच ज्यू विधीही.

आणि याच लोकांच्या ज्यूपणावर इस्रायलच्या मुख्य रब्बायांनी शंका घेतली! १९६२ मध्ये हुकूम निघाला, की बेने इस्रायलांचं लग्न लावण्याआधी आईकडची वंशावळ तपासा. तिथे जाऊन राहिलेले बेने इस्रायल जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ठराव करून सांगितलं, हे सर्वार्थाने ज्यूच आहेत. असा ठराव करायची वेळ यावी, याचाच मला आजही संताप येतो.