धाप लागलेल्या माणसाचे मोठेपण

साताऱ्यात राहून न पळणाऱ्या माणसाला पहाटे दूध आणायलासुद्धा तोंड लपवून जावे लागते. 2012 साली येथे हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली, 2015 मध्ये तिची गिनेस बुकात नोंद झाली आणि आता प्रत्येक आळीत एखाद्याच्या बैठकीच्या खोलीत देवांच्या खालोखाल पदके टांगलेली दिसतात. मला पळायला लावले ते डॉक्टरांनी. माझा बेत एकट्याने पळण्याचा होता. परंतु समर्थ मंदिर चौकात भल्या पहाटे बूट घालून उभा असलेला माणूस फार वेळ एकटा राहत नाही, कोणता तरी गट त्याला उचलतोच.

आमच्या गटात सर्वजण ज्यांना मास्तर म्हणतात ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत, औषधाच्या दुकानाचे शेठ आणि वहिनी आहेत, शिवाय सरकारी कचेरीतील एक लग्नाळू तरुण आहे. सरावाच्या वेळी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने पळावे, हा नियम मास्तरांनी पहिल्याच दिवशी मला समजावला. नियम उत्तम आहे. मात्र यवतेश्वरचा घाट सुरू झाला की बाकीच्यांची वाक्ये पूर्णविरामापर्यंत पोहोचतात आणि माझे वाक्य कर्त्यापाशीच बसकण मारते. क्रियापद वरच्या वळणावर भेटले तर भेटते.

या धापेनेच माझे भाग्य उजळले. एके दिवशी शेठ भावाबरोबरच्या वाटणीचा तंटा सांगत होते. “दुकान मी वाढवले, मग गाळा त्याच्या नावावर कसा? तुम्हीच सांगा,” असे त्यांनी विचारले, तेव्हा मी मोठ्या कष्टाने “हं” एवढेच म्हणू शकलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा हात हातात घेतला. “काल तुम्ही जे सुचवलेत ना, त्यावर रात्रभर विचार केला आणि सकाळी भावाला फोन लावला,” असे ते म्हणाले. पुढे त्या तरुणाने पाहून आलेल्या मुलीला होकार कळवावा का, असे मला घाटाच्या ऐन चढावर विचारले. मी कठड्याला टेकून पाण्याच्या बाटलीसाठी हात वर केला. त्याला तो आशीर्वाद वाटला. लग्नात मला मामांच्या शेजारी बसवून फेटा बांधण्यात आला.

मास्तरांना तर असा विद्यार्थी उभ्या नोकरीत मिळाला नव्हता. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन विंडसर राजवाड्यापासून सुरू करून शाही कक्षासमोर संपवली, म्हणून अंतर 42.195 किलोमीटर झाले आणि 1921 मध्ये तेच कायम ठरले, हा इतिहास ते मला प्रत्येक रविवारी नव्याने सांगतात. इंग्लंडच्या राजघराण्याच्या सोयीचे जास्तीचे मीटर आपण साताऱ्यात का वाहावेत, हा माझा प्रश्न छातीतच राहतो आणि मास्तर माझ्या एकाग्रतेचे कौतुक करतात.

माझा गुडघा धरला तेव्हा ही सगळी मंडळी घरी आली. वहिनींनी डिंकाचे लाडू आणले, शेठांनी मलम आणले आणि मास्तरांनी वहीच्या पानावर आखलेले व्यायामाचे वेळापत्रक आणले. “असा शांतपणे ऐकून घेणारा माणूस साऱ्या गावात नाही,” असे शेठ म्हणाले, त्या वेळी आमच्या सौभाग्यवती चहाचा ट्रे हातात घेऊन दारातच थबकल्या. पाहुणे गेल्यावर, हे नक्की कोणाविषयी बोलत होते, अशी त्यांनी माझ्याकडे चौकशी केली.

खरे संकट अलीकडे आले आहे. सरावाने माझा दम वाढला. गेल्या रविवारी अजिंक्यतारा मागे टाकून आम्ही घाट चढत असताना वहिनींनी मुलीला शिकायला पुण्याला ठेवावे की नाही, हा विषय काढला आणि मी प्रथमच तोंड उघडले. वसतिगृहे, खानावळी, पुण्याची वाहतूक, आजची पिढी आणि ओघाने माझे स्वतःचे महाविद्यालयीन जीवन, असे सर्व मुद्दे मी वरच्या वळणापर्यंत सविस्तर मांडले. कोणीच काही बोलेना. शेठ बुटाची नाडी बांधण्यासाठी खाली वाकले ते बराच वेळ उठलेच नाहीत. अखेर वहिनींनी घड्याळाकडे पाहिले आणि अत्यंत आदराने विचारले, “भावजी, आपण वेग जरा वाढवू या का?”