पेट्रोलचा ग्रास कटर विकायची घाई करू नका

पाऊस सुरू झाला की जळगाव जिल्ह्याच्या रावेर-यावल पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरायला लागतो. सारांश असा: पेट्रोलचा कटर (इंजिनावर चालणारं गवत-तण कापायचं मशीन) म्हणजे नुसती कटकट, सारखा बंद पडतो, बॅटरीच्या कटरला मेंटेनन्स नाही, एका चार्जमध्ये एकर होतो, खर्च जवळपास शून्य, अमेरिकेत तर पेट्रोलच्या मशीनवर बंदीच आली, तेव्हा जुना मिळेल त्या भावात काढून टाका. हे वाचून चांगल्या मशीन भंगाराच्या भावात गेलेल्या पाहतोय, आणि जीव हळहळतो. म्हणून एकेक दावा तपासून लिहितो.

“सारखा बंद पडतो.” पडतो, हे खरं. पण का पडतो ते मजकुरात कुठेच नाही. आपल्याकडे कटर चालतो मृगाच्या पावसापासून दिवाळीपर्यंत: कपाशीचे बांध, केळीच्या ओळींमधली जागा, लिंबाची बाग. नंतर तो शेडमध्ये खुंटीला लागतो आणि थेट पुढच्या जूनला खाली उतरतो. टाकीत उरलेलं पेट्रोल तसंच असतं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. ओलावा वाढला की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि मशीनची नळी नेमकी तळातूनच ओढते. बाकीचं पेट्रोल हळूहळू उडून जातं, मागे राहतो तो चिकट थर.

मेकॅनिक असा कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) उघडतो तेव्हा शेजारी उभं राहून बघा. आत नखाएवढी जाळी असते, तिच्यावर लाखेसारखा तपकिरी थर जमलेला. पातळ पडदा, जो बोटाने दाबल्यावर सहज वाकायला हवा, तो कडक होऊन सुरकुतलेला. प्रायमरच्या, म्हणजे सुरू करण्याआधी दाबायच्या, फुग्याला तडा. टाकीतली नळी पिवळी पडून ताठ झालेली. यातला एकही भाग कामाने झिजलेला नसतो. सगळं आठ महिने ठेवून ठेवून बिघडलेलं असतं.

यावरचा उपाय अर्ध्या तासाचा आहे. शेवटचं तण कापून झालं की टाकी रिकामी करा. मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलही जळून जातं. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये टू-टी ऑइलचे (टू-स्ट्रोक इंजिनाच्या तेलाचे) चार थेंब सोडा, स्टार्टरची दोरी दोनदा सावकाश ओढा, प्लग परत बसवा. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. खाली पात्याजवळच्या गिअरच्या डोक्यात ग्रीस भरा; तिथला स्क्रू वर्षानुवर्षं कुणी उघडलेलाच नसतो.

हंगामात तेवढंच महत्त्वाचं म्हणजे पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं माप. कटरच्या टू-स्ट्रोक इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते, पेट्रोलमधून जाईल तेवढंच तेल पिस्टनला मिळतं. कंपनीने ५० ला १ (५० भाग पेट्रोलला १ भाग तेल) सांगितलं असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. बाटलीच्या बुचाने अंदाजे ओतू नका. ट्रॅक्टरचं किंवा मोटारसायकलचं इंजिन ऑइल तर अजिबात नको. ते या इंजिनात नीट जळत नाही, कार्बन धरतं, सायलेन्सरचं तोंड बुजतं, आणि मशीनची ताकद गेली म्हणून आपण मशीनलाच दोष देतो. मिश्रणही महिनाभरात संपेल एवढंच बनवा.

“बॅटरीला मेंटेनन्स नाही.” प्लग नाही, कार्बोरेटर नाही, एवढ्यापुरतं बरोबर. पण लिथियम बॅटरीचा वैरी उष्णता आहे, आणि आपण राहतो जळगाव-भुसावळच्या उन्हात, जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. पूर्ण चार्ज करून तिथे उन्हाळाभर ठेवलेली बॅटरी एकदाही न वापरता क्षमता गमावते. पूर्ण उतरवून ठेवली तर काही महिन्यांत व्होल्टेज इतकं खाली जातं की चार्जर तिला घेतच नाही. म्हणजे जो रिकामा काळ पेट्रोलच्या मशीनला मारतो, तोच बॅटरीलाही मारतो. तिची देखभाल अशी: निम्मी चार्ज ठेवायची, घरात गार जागी ठेवायची, मधून मधून तपासायची, आणि कामावरून आणलेली गरम बॅटरी थंड झाल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. पुष्कळ चार्जर ४०-४५ अंशांच्या वर चार्जिंग थांबवतात, ते बिघडलेले नसतात.

“एका चार्जमध्ये एकर.” याचा हिशोब कागदावर करता येतो. ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १४४ वॉट-तास ऊर्जा. लिटरभर पेट्रोलमध्ये, इथेनॉल धरूनही, ८ हजार वॉट-तासांच्या वर असते. छोटं टू-स्ट्रोक इंजिन त्यातली बहुतेक उष्णतेत आणि धुरात घालवतं. पात्यापर्यंत दहावा हिस्साच पोचला असं धरलं तरी ८०० वॉट-तास झाले. म्हणजे एका लिटर पेट्रोलचं काम पाच-सहा बॅटऱ्यांएवढं. अंगणातल्या हराळीला एक बॅटरी पुरेल. कमरेएवढं वाढलेलं गाजरगवत, ज्याला नायलॉन दोरी पुरत नाही आणि पातं लावावं लागतं, ते कापताना तीच बॅटरी बघता बघता उतरते. मग शेतात चार्ज कुठे करणार? शेतीच्या विजेचा फीडर अजून कित्येक गावांत पाळीने चालतो, कधी दिवसा, कधी रात्री. मजूर सकाळी सातला बागेत उतरलेला असतो, त्याला बॅटरी भरेपर्यंत बसवून ठेवता येत नाही.

“खर्च शून्य.” चार्जिंगचा खर्च खरोखर नगण्य आहे, एका चार्जला पाव युनिटही लागत नाही, आणि पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे. पण बॅटरी हीच त्या मशीनची सर्वांत महाग वस्तू असते. साधारण पाचशे ते हजार चार्जनंतर तिची क्षमता घटते, आणि एकराच्या कामाला अशा अनेक घ्याव्या लागतात. तो पैसा धरल्याशिवाय तुलना पूर्ण होत नाही. घरामागच्या दोन गुंठ्यांना एकच बॅटरी पुरते, तिथे मात्र हिशोब बॅटरीच्याच बाजूने झुकतो.

अमेरिकेतल्या बंदीचं थोडक्यात. ती अख्ख्या अमेरिकेची नाही, कॅलिफोर्निया राज्याची आहे. २०२१ च्या कायद्यानुसार २०२४ च्या मॉडेलपासून तिथे अशी बहुतेक नवी छोटी इंजिनं विक्रीसाठी बनवायला रोख आली. लोकांकडे असलेली मशीन वापरायला बंदी नाही, आणि शेती-बांधकामाची काही मोठी यंत्रं त्यातून वगळलेली आहेत.

त्या कायद्यामागचं कारण मात्र मी पूर्ण मान्य करतो. टू-स्ट्रोक इंजिन बरंचसं पेट्रोल न जळताच बाहेर टाकतं आणि चालवणाऱ्याच्या कानाशी तासन्‌तास आवाज करतं. हा त्रास मालकाला कमी आणि मजुराला जास्त होतो. कटर मजुराच्या हातात देताना कानाला मफ आणि डोळ्यांना गॉगल द्यायलाच हवा. हातांना मुंग्या येऊ नयेत म्हणून मधूनमधून विश्रांतीही द्यायला हवी. फवारणीचा पंप आपण बॅटरीवर नेला ते योग्यच केलं, कारण तिथे ताकद थोडी लागते आणि पाठीवरचं इंजिन सुटतं. लिंबू-सीताफळाच्या छाटणीची बॅटरी कात्रीही घेण्यासारखी आहे. कटरला मात्र क्षेत्र आणि तण बघूनच ठरवा.

आणि जुना विकायला काढलाच असेल तर आधी एवढं करून बघा. जुनं पेट्रोल पूर्ण काढा, मापाने केलेलं ताजं मिश्रण घाला, नवा प्लग लावा, फिल्टर धुवा. तरीही चालू झाला नाही तर स्विच बंद करून, पातं काढून, स्टार्टरच्या दोरीची मूठ हातात धरा आणि इंजिन त्या दोरीवर लोंबू द्या. ते अडखळत, थांबत थांबत खाली आलं तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) शाबूत आहे, दोष बहुधा कार्बोरेटरमध्ये किंवा ठिणगीत आहे, आणि तो दुरुस्त होतो. सरळ सर्रकन खाली आलं तर बहुधा पिस्टन-रिंग गेल्यात. मग दुरुस्तीचा अंदाज विचारा, आणि तो परवडत नसेल तर खुशाल विका.