सही घेतली, हिशेब दाखवला नाही

गेल्या पंधरवड्यात एकच संदेश माझ्या फोनवर चार गटांतून आला. भजनी मंडळाच्या, पेटीच्या वर्गातल्या पालकांच्या, वाड्यावरच्या चवथीच्या आरतीच्या आणि आमच्या जुन्या शाळेच्या. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. त्याने ‘द बॉय बँड कॉन’ हा २०१९चा माहितीपट पाहिला आहे आणि तो त्याला पटलेला नाही. फ्लोरिडात राहून बॅकस्ट्रीट बॉइज आणि एनसिंक हे दोन बँड उभे करणाऱ्या लू पर्लमनची ती गोष्ट. एनसिंकमधलाच गायक लान्स बास तिचा निर्माता. संदेशात म्हटलंय ते असं: मुलांनी राजीखुशीने सह्या केल्या होत्या. पर्लमनने स्वतःचे पैसे घालून त्यांना घडवलं. त्याने लुबाडलं ते ठेवीदारांना, गायकांना नव्हे. गायक तर आज कोट्यधीश आहेत. रॉयल्टीची, म्हणजे गाण्याच्या कमाईतल्या वाट्याची, हाव तिकडची, आपला कलाकार पैसे मोजत नाही. आणि आता यूट्यूब आल्यावर कोणी कोणाला फसवूच शकत नाही.

असले संदेश मी वाचून सोडून देते. पण मागच्या गुरुवारी वर्ग सुटल्यावर एका विद्यार्थिनीचे वडील थांबले. मुलगी पंधरा वर्षांची. नाट्यपद म्हणायला लागली की बाकीची मुलं वही मिटून ऐकत बसतात. तिच्या आठ गाण्यांचा अल्बम काढायचं एकाने ठरवलं आहे आणि सहीसाठी कागद पाठवला आहे. वडिलांनी आधी मला तो संदेश दाखवला, मग कागद. म्हणाले, “टीचर, यात म्हटलंय ते बरोबरच आहे ना? माणूस स्वतःचे पैसे घालतोय, तर सही करायला काय हरकत?”

तेव्हा ठरवलं की उत्तर द्यायचं, आणि नीट द्यायचं.

राजीखुशीपासून सुरुवात करते. १९९३मध्ये बॅकस्ट्रीट बॉइज उभा राहिला तेव्हा निक कार्टर तेरा वर्षांचा होता. १९९५मध्ये एनसिंक जमला तेव्हा जस्टिन टिंबरलेक चौदाचा आणि लान्स बास सोळाचा. या वयाच्या मुलाची खुशी म्हणजे स्टेजवर उभं राहायला मिळणार ही खुशी. करारातलं कलम त्याला कोण समजावणार? ते समजावणं हे व्यवस्थापकाचं काम. गायकाच्या बाजूने निर्मात्याशी भांडायचं, त्यासाठीच त्याला टक्के मिळतात. इथे व्यवस्थापक पर्लमन आणि निर्माताही पर्लमनच. शिवाय करारात त्याने स्वतःला बॅकस्ट्रीट बॉइजचा सहावा सदस्य म्हणून घालून घेतलं होतं, म्हणजे पाच जण घाम गाळणार आणि वाटे सहा पडणार. एकाच माणसाने टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून केलेल्या कराराला राजीखुशीचा करार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्याकडचंही सांगते. १८७२च्या करार कायद्याप्रमाणे सज्ञान नसलेल्या व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल ठरतो. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या अपील न्यायालयाने, १९०३मध्ये ते पक्कं केलं. आईबापांनी सही केली म्हणजे सगळं सुरक्षित झालं असंही नाही. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयासमोर एका अल्पवयीन अभिनेत्रीचा खटला आला होता. चित्रपटात काम करण्याचा करार तिच्या वडिलांनी केला होता. पुढे निर्मात्याने तिला काम दिलं नाही, तेव्हा न्यायालयाने सांगितलं की या करारावर ना मुलीला दावा करता येईल, ना वडिलांना. हे मी त्या गृहस्थांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले.

आता ‘स्वतःचे पैसे घातले’ हे वाक्य. सगळ्यात जास्त फसवं हेच, कारण ऐकायला ते उपकारासारखं लागतं. रेकॉर्ड कंपनीच्या धंद्यात खर्च केला म्हणजे दिला असं नसतं. ती उचल असते. स्टुडिओचं भाडं, व्हिडिओ, कपडे, विमानाची तिकिटं, हॉटेलचं जेवण, पुष्कळदा सगळं गायकाच्या नावे मांडलं जातं आणि त्याच्या वाट्यातून आधी वळतं होतं. गाणं लाखोंनी खपलं तरी वहीत गायक देणेकरीच राहू शकतो, आणि वही ज्याच्याकडे आहे त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. आपल्याकडे जत्रेच्या नाटकातल्या नटाला निदान रात्र संपल्यावर नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, हातात पडते. कमी पडली तर त्याच रात्री कळतं. या मुलांना वर्षानुवर्षं कळलं नाही. बॅकस्ट्रीट बॉइजमधल्या ब्रायन लिट्रेलने शेवटी वकील लावला, तेव्हा हिशेब असा निघाला की एवढ्या सगळ्या कामाचे पाचही जणांना मिळून ३ लाख डॉलर मिळाले होते, आणि पर्लमनने व त्याच्या कंपनीने कित्येक दशलक्ष. लान्स बासने सांगितलेला प्रसंग मला विसरता येत नाही. तीन वर्षं जगभर फिरून गायल्यावर पर्लमनने एनसिंकच्या मुलांना थाटात जेवायला नेलं, प्रत्येकाच्या हातात पाकीट दिलं. आत धनादेश होता १० हजार डॉलरचा. बासने तो फाडला.

आणि ते पैसे तरी ‘स्वतःचे’ होते का? पर्लमनने वीस वर्षांहून अधिक काळ लोकांकडून ठेवी गोळा केल्या. ट्रान्स कॉन्टिनेंटल या त्याच्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठीची म्हणून एक बचत योजना तो बाहेरच्यांना विकायचा. बँकेपेक्षा जास्त व्याज, वर सरकारी विम्याचं संरक्षण. विमा नव्हताच. ज्या विमान कंपनीचं नाव तो सांगायचा ती कागदावर होती. ताळेबंदावर सही करणारी कोहेन अँड सीगल ही लेखापरीक्षकांची पेढीही बनावट. जुन्या ठेवीदाराचं व्याज नव्याच्या ठेवीतून द्यायचं, एवढाच धंदा. पैसे गेले त्यांत आयुष्यभराची पुंजी ठेवलेले निवृत्त लोक पुष्कळ होते. रक्कम ३० कोटी डॉलरच्या पुढची. २००७च्या सुरुवातीला तो पळाला, जूनमध्ये बालीत सापडला. २००८मध्ये गुन्हा कबूल केला आणि २५ वर्षांची शिक्षा झाली. न्यायाधीशांनी त्याला सवलत देऊ केली होती: परत मिळवून दिलेल्या प्रत्येक दहा लाख डॉलरमागे एक महिना कमी. २०१६मध्ये तो कैदेतच वारला.

म्हणून ‘ठेवीदारांना लुबाडलं, गायकांना नव्हे’ ही फोड मला मान्य नाही. दोन्हींचा गल्ला एकच होता. मुलांची कीर्ती दाखवून ठेवी आणि कर्जं मिळत होती, आणि त्या पैशाच्या झगमगाटाने मुलांचे आईबाप दिपत होते. ज्याच्याकडे विमानं आहेत, बंगला आहे, तो आपल्या पोराचे पैसे कशाला खाईल, असंच कोणालाही वाटणार. एकाला दाखवायला दुसरा वापरला गेला. दोघांपैकी कोणालाही खरी वही दिसली नाही.

‘पर्लमन नसता तर हे कोण होते?’ असाही प्रश्न संदेशात आहे. एनसिंकने १९९९मध्ये त्याची साथ सोडली. त्यांनी बँडचं नावही वापरू नये म्हणून खटला झाला, शेवटी न्यायालयाबाहेर तडजोड झाली. २०००मध्ये त्याच्याशिवाय काढलेल्या अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत २४ लाख प्रती खपल्या. कोट्यधीश झाले ते असे, सुटल्यानंतर. त्याच्याच दुसऱ्या ज्या बँडांची नावं तुम्हाआम्हाला ऐकूनही माहीत नाहीत, त्यांच्या पोरांचं काय? सुटलेल्यांचं वैभव दाखवून अडकलेल्यांची तक्रार खोटी पाडता येत नाही.

‘आपला कलाकार पैसे मोजत नाही.’ हे वाक्य गोव्यात, आणि तेही फोंडा तालुक्यात, फिरावं याचं मला फार वाईट वाटलं. मी राहते त्या बांदोड्याहून मंगेशी जवळच. दीनानाथांचं गाव. त्यांच्या मुलीने पैसे मोजले, आणि मोजले म्हणून मला तिचा अभिमान आहे. १९४९च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर आधी गायिकेचं नावच नव्हतं, पात्राचं नाव छापलं होतं, कामिनी. पुढे फिल्मफेअरने पार्श्वगायनाला पुरस्कार नाही म्हणून लताबाईंनी त्यांच्या सोहळ्यात गायला नकार दिला, आणि १९५९पासून तो पुरस्कार सुरू झाला. साठच्या दशकात त्यांनी गायकांसाठी रॉयल्टी मागितली. रफीसाहेबांचं मत वेगळं होतं: गाण्याचे पैसे घेतले की आपला संबंध संपला. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. रफीसाहेब मनाने मोठे होते, त्यांच्या मताचाही मी आदर करते. पण त्या वादात बरोबर लताबाईच होत्या. त्यांना ‘हावरी’ म्हणणारे तेव्हाही होते.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून गेलेल्या वादकांनी काय केलं हेही आठवा. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, चिक चॉकलेट. व्हायोलिनचे ताफे बसवले, स्वरलेखन केलं, संगीतकाराच्या चालीला वाद्यवृंदाचं अंग दिलं. पडद्यावर नाव आलंच तर ‘सहायक’ म्हणून. दिवसाचे पैसे मिळाले, गाणी आजही वाजतात. घरी पेटीतल्या कागदांवर वाडवडिलांची स्वरलिपी आणि बँकेत काहीच नाही, अशी घरं आमच्या गोव्यात आहेत. त्यांच्यापुढे जाऊन ‘आपल्याकडे असं होत नाही’ असं म्हणून दाखवावं.

कायदाही बदलला आहे, तो संदेश लिहिणाऱ्याने वाचलेला दिसत नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर चित्रपटातल्या किंवा ध्वनिमुद्रणातल्या गाण्याच्या गीतकाराला आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देताच येत नाही. तो जातो फक्त वारसांना किंवा त्यांच्यासाठी वसुली करणाऱ्या कॉपीराइट संस्थेला. कागदावर काहीही लिहून घेतलं तरी. गायकालाही सादरीकरणाच्या व्यापारी वापराबद्दल रॉयल्टीचा हक्क आहे. जावेद अख्तरांनी यासाठी राज्यसभेत किती रान उठवलं होतं! ही हाव असती तर संसदेने तिला कायद्याचं रूप दिलं नसतं.

राहिलं यूट्यूब. इथे माझं स्वतःचंच सांगावं लागेल. १९९८मध्ये एका कॅसेटवाल्यासाठी मी आठ अभंग गायले. शब्द संतांचे, चाली माझ्या. पंधराशे रुपये बिदागी मिळाली, दीड पानाच्या कागदावर सही केली. ‘सर्व हक्क’ एवढे दोन शब्द मला आठवतात. कॅसेट जत्रांतून विकली गेली, चवथीच्या बाजारात वाजली. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. वीसेक वर्षांनी एका विद्यार्थ्याने फोनवर तेच अभंग लावून दाखवले. खाली गायिका म्हणून दुसरंच नाव आणि संगीत ‘पारंपरिक’. मी माझ्याकडची जुनी फीत मुलांना सरावासाठी चढवली, तर दोन दिवसांत दावा आला की हे दुसऱ्याच्या मालकीचं आहे, जाहिरातीचे पैसे त्याला जातील. यूट्यूबचं यंत्र दोन फिती जुळवून बघतं. चाल कोणी बांधली, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. आधी नोंदवणारा मालक ठरतो. ध्वनिमुद्रण त्याचं, हे मी नाकारत नाही. पण चाल माझी होती. नंतर म्हापशाच्या एका वकील बाईंनी समजावलं: हक्क लिहून देताना मुदत घातलेली नसेल, तर कायद्याने ती पाच वर्षं धरतात. माझ्या कागदावर मुदत नव्हती. म्हणजे २००३नंतर चालींवर त्याचा हक्क उरलाच नव्हता, आणि मला ते कळायला पुढची पंधरा-सोळा वर्षं लागली. तंत्र नवं आलं म्हणून वही आपोआप उघडत नाही. ती मागावी लागते.

आमच्याकडे वेगळा रस्ताही एकाने दाखवून ठेवला आहे. शिवोलीच्या रेमो फर्नांडिसने १९८४मध्ये पहिला अल्बम घरीच, साध्या चार ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केला आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी स्वतः पोचवला. कष्ट त्याचे, आणि किती कॅसेट विकल्या ही वहीही त्याचीच. सगळ्यांना हे जमणार नाही. मला जमलं नाही.

त्या मुलीचा कागद मी आणि तिच्या वडिलांनी दोन तास बसून वाचला. मुदत ‘कायमची’. प्रदेश ‘संपूर्ण विश्व’. खर्च ‘कलाकाराच्या खात्यातून वळता’, किती ते लिहिलेलं नाही. हिशेब कधी दाखवणार याबद्दल एक ओळही नाही. आम्ही तीन गोष्टी लिहून पाठवल्या: मुदत पाच वर्षं, खर्चाची कमाल मर्यादा, आणि दर सहा महिन्यांनी लेखी हिशेब. चालींपुढे चाल बांधणाऱ्याचं नाव, हे चौथं मी माझ्या हाताने जोडलं. वडिलांना भीती होती की माणूस चिडेल, पोरीची संधी जाईल.

काल उत्तर आलं. मुदत आणि नावं मान्य आहेत. हिशेबाबद्दल ‘प्रत्यक्ष भेटून बोलू’ म्हणाले आहेत. रविवारी ते फोंड्याला येणार आहेत, आणि तिच्या वडिलांबरोबर मीही जाणार आहे.